टवका उडालेला खल

"हात गेला तो गेला, आता डोकंबी जाऊन राहिलं."

मम्मी मागच्या पायरीवर बसून शेजारच्या काकूंना सांगत होती. मी आत मोरीपाशी कपडे पिळत होते. मागचं दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून मला काकूंचं सूप तेवढं दिसत होतं. त्या तुरीची डाळ पाखडत होत्या.

"काहून असं बोलता वैनी? माझंबी तेच हाय. परवा चष्मा डोळ्यावर अन् मी घरभर चष्मा हुडकून राहिले. आमचे हे म्हणले, आरशात बघ, तिथं सापडंल."

एरवी काकूंच्या अशा बोलण्यावर मम्मी हसते. त्या दिवशी हसली नाही.

"चष्म्याचं येगळं. खल केवढा मोठा हाय. रोज हाताखाली असायचा. माहेराहून आले तवापासून आठवून राहिले, कुठं ठिवला. जाताना घासायला मागं नेल्यावानी वाटतं. पुढचं समदं कोरंच."

"सापडंल की. खलाला काय पाय फुटले का?"

खलाला पाय फुटले नव्हते. तो मी भंगारवाल्याला दिला होता. हे घरात फक्त मला माहीत होतं आणि त्याला अठरा दिवस झाले होते. हातातल्या टॉवेलमधून पाणी यायचं केव्हाच थांबलं होतं, तरी मी तो पिळत राहिले.

आमचं घर सेनगावात आहे. पुढं एक खोली, मागं एक आणि त्या दोन्हींच्या मध्ये स्वयंपाकघर. तिथं आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो तर एकीला तिरकं व्हावं लागतं. ओटा काळ्या कडप्प्याचा, साडेपाच फूट. मी शाळेतल्या पट्टीनं मोजला आहे. त्यातले दोन फूट शेगडीचे, दीड फूट बेसिनचा. राहिलेल्या दोन फुटांत पाण्याचा फिल्टर, मिक्सर, बुद्धपौर्णिमेच्या खिरीचं मोठं पातेलं, तेलाची किटली, झाकण नसलेली मिठाची बरणी, पिठाचा डबा, पाण्याचा तांब्या, कायम ओलं असणारं एक फडकं आणि तो खल. भाजी चिरायची झाली की मी विळी घेऊन जमिनीवर बसायचे आणि ओट्याकडं बघून मनातल्या मनात चिडायचे. मनातल्या मनात, कारण चिडलेलं बोलून दाखवणं मला जमत नाही. तसं पाहिलं तर न चिडलेलंही जमत नाही.

खल बिडाचा होता, बसक्या घागरीसारखा. त्याचा बत्ता मी पाचवी-सहावीत असताना हरवला. नंतर मिक्सर आला आणि खलात काही कुटायचं कारण उरलं नाही. तरी तो ओट्यावरून हलला नाही. त्याच्या काठाचा एक टवका उडालेला होता, बरोबर अंगठा बसेल एवढा.

दोन वर्षांपूर्वी मम्मीला लकवा झाला. नांदेडला दवाखान्यात अकरा दिवस होतो. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र नुसता आधारापुरता राहिला. सुरुवातीला तिचे शब्द हरवायचे. टमाट्याला ती "ते लाल" म्हणायची आणि मग स्वतःवरच रागवायची. हळूहळू शब्द परत आले. त्यानंतर एका सकाळी मी उठले तर ती ओट्यापाशी उभी राहून डाव्या हातानं भाकरी थापत होती. भाकरी तळहाताहून थोडीच मोठी, कडा फाटलेली. पप्पा ताटात बघून म्हणाले, "आज बिस्किटं केली का?" मम्मी म्हणाली, "चहात बुडवू नका, फुटतील." तिघंही हसलो. त्या दिवशी पप्पांनी सात बिस्किटं खाल्ली.

मग रोज तशाच भाकरी. ती त्या एका हातानं कशा करते, हे मी कधी जवळ जाऊन बघितलं नाही. तिला कुणी बघितलेलं आवडणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मला कुणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून.

या एप्रिलमध्ये मम्मी आठ दिवस कुरुंद्याला मामाकडं गेली. तिकडं हळद शिजवायची, वाळवायची घाई होती. तिच्या हातून काम होणार नव्हतं, पण ती म्हणाली, "नुसती बसन, वास तरी घेईन." पप्पा तिला सोडून आले आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या नोकरीवर. मी इथल्याच एका इंग्रजी शाळेत लहान वर्गांना शिकवते. परीक्षा संपल्या होत्या, दुपारपासून मी घरी मोकळी असायचे.

त्या दुपारी मी फोनवर व्हिडिओ बघितले. छोट्या स्वयंपाकघरात ओट्यावर जागा कशी करायची. एक बाई फार छान समजावून सांगायची. रोज लागत नाही ते ओट्यावर ठेवायचं नाही. भिंत रिकामी सोडायची नाही. बेसिनवर बसेल अशी फळी करून घ्यायची, म्हणजे चिरायला जागा होते. जे एका वर्षात वापरलं नाही, ते घरातून काढायचं. ती बाई ओट्यावरून एकेक वस्तू उचलायची आणि शेवटी ओल्या कपड्यानं सगळा ओटा एका झटक्यात पुसायची. तो एक झटका मला फार आवडायचा. मी तो परत परत बघायचे.

मी सगळं तसंच केलं. सुताराकडून बेसिनच्या मापाची फळी आणली. खिळे ठोकून कलथे, झारे भिंतीवर टांगले. फिल्टर कोपऱ्यातल्या स्टुलावर नेला. पातेलं माळ्यावर. पिठाचा डबा खाली, ओट्याच्या कप्प्यात. मिठाला झाकणाची नवी बरणी केली आणि ती वरच्या फळीवर मांडली. ओलं फडकं फेकलं. एवढं झालं आणि भंगारवाल्याचा भोंगा ऐकू आला. मी जुना कुकर, झाकणं हरवलेले डबे आणि खल बाहेर नेला.

त्यानं खल हातावर तोलला. "ताई, याचा बत्ता?"

"नाही."

"मग निसता खल घेऊन काय करता? द्या."

बदल्यात त्यानं पांढरं प्लास्टिकचं दोन मजली रॅक दिलं. ते मी ओट्याच्या कोपऱ्यात बसवलं, त्यात कप लावले आणि एका झटक्यात सगळा ओटा पुसला. माझ्या आयुष्यात कुणी न सांगता मी कुणासाठी केलेली ती पहिली मोठी गोष्ट होती. मम्मी कधी येते असं मला झालं होतं.

ती आली ती हळदीचा वास घेऊनच. स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "अगं बाई! हे कुणाचं घर म्हणायचं?" आत येऊन तिनं डावा हात मोकळ्या कडप्प्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. पप्पा मागून म्हणाले, "आता यावर लेकरं झोपवता येतील." मम्मीनं काकूंना हाक मारून बोलावलं. काकूंनी टांगलेले झारे बघितले, फळी उचलून बघितली. "हॉटेल टाकून राहिली का गं पोरी?" मम्मी म्हणाली, "माझ्या लेकीनं केलं. एकटीनं." एवढं कौतुक झालं की मी पुढच्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वह्या तपासत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला. दगडावर पितळ फिरल्याचा, मग परात बेसिनच्या फळीवर आदळल्याचा. पुन्हा तसाच. पुन्हा. मी दारात गेले. मम्मी भाकरी थापत होती आणि प्रत्येक थापेबरोबर परात हाताखालून फिरत होती. ती पोटानं परात ओट्याला दाबून धरायला बघत होती. साडीवर पीठ लागलं होतं.

तेव्हा येता-जाता नजरेस पडलेलं सगळं एकदम जुळलं. परात एका बाजूनं भिंतीला टेकायची, खाली ओलं फडकं असायचं आणि दुसऱ्या बाजूनं तो जड खल रेटून बसवलेला असायचा. उजव्या हाताचं काम खल करत होता. टवक्यात डावा अंगठा घालून ती तो ओढायची, रेटायची, बाजूला सारायची. मिठाच्या बरणीला झाकण नव्हतं, कारण एका हातानं झाकण फिरत नाही. पिठाचा डबा वर होता, कारण वाकून उचलायला दोन हात लागतात. मला जो पसारा वाटत होता, तो तिनं दोन वर्षांत चुकत चुकत, कुणाला न विचारता लावलेला होता. त्यातली एकही वस्तू उगीच नव्हती.

तिनं मान वळवली. "इथला खल कुठं गेला गं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

हे कसं निघालं तोंडातून, ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. लहानपणी वर्गात टीचरनं काहीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, माहीत नाही. उत्तर येत असलं तरी. तेवढं म्हटलं की टीचर पुढच्या मुलीकडं वळायच्या आणि माझी सुटका व्हायची. मम्मीपण वळली. परातीकडं. "मग म्याच ठिवला असंल कुठंतरी," ती म्हणाली.

मीठ, पीठ आणि एक दुसरं ओलं फडकं मी त्याच दिवशी जागच्या जागी आणून ठेवलं. न बोलता. खल आणता येत नव्हता.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत ती विसरेल. पण विसरायचीच तिला भीती होती. लकवा झाला तेव्हा डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं होतं की पुढं कधी विसरायला लागल्या तर लगेच घेऊन या. ती तेव्हा पलंगावर डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली नव्हती. हे मला तिनं नाही, काकूंनी सांगितलं.

ती खल शोधायची. आधी मागच्या अंगणात, पत्र्याखाली, कुंड्यांच्या मागं. मग पलंगाखाली. मग जिथं खल असणं शक्यच नाही अशा ठिकाणी, कपड्यांच्या कपाटात, पप्पांच्या बॅगेत. कपाट उघडताना ती माझ्याकडं बघायची नाही. काही दिवसांनी शोधणं थांबलं आणि दुसरंच सुरू झालं. गॅस बंद केल्यावर ती पुन्हा येऊन बघायची. दाराची कडी लावून पुन्हा ओढून बघायची. एकदा मी शेजारच्या मुलांचा अभ्यास घेत होते तर आतून तिचा हळू आवाज आला. ती मामाचा फोन नंबर म्हणत होती, पाढा म्हणतात तसा. मध्ये अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

भाकरी मी करायला लागले. माझ्या भाकरी मोठ्या आणि कच्च्या. पप्पा एकदा म्हणाले, "बिस्किटं बंद झाली का?" मम्मी म्हणाली, "कारखान्याचं डोकं बिघडलं." पप्पा हसले. ती हसली नाही हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

मग एका संध्याकाळी तिनं कमरेची किल्ली काढून पप्पांपुढं ठेवली. कपाटाची. लग्न झाल्यापासून ती तिच्याकडं होती. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी कुठं ठिवली तर नंतर बोंबलत बसू." पप्पांनी किल्ली घेतली नाही. मग ती तशीच टीव्हीजवळ राहिली. दुसऱ्या दिवशी पप्पांनी ती उचलून खिशात घातली. मी दोन्ही वेळा तिथंच होते.

हे सगळं मी बघत होते. बघणं मला येतं. कुणाचा चेहरा कधी उतरला, कुणी ताटात किती टाकलं, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. पण बघितलेलं बोलायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जाते. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगू. रोज एकेक दिवस वाढत गेला, तसतसं सांगायचं फक्त खलाबद्दल राहिलं नाही. एवढे दिवस गप्प का बसले, हेही सांगावं लागणार होतं.

आता हिशेब लावते तेव्हा कळतं. तिच्या हातच्या त्या छोट्या भाकरी आम्हाला आणखी फार महिने मिळणार नव्हत्या. पावसाळा संपताना तिला दुसरा झटका आला आणि त्यानंतर ती ओट्यापाशी उभी राहिली नाही. होते त्या थोड्या दिवसांतले जवळजवळ तीन आठवडे मी माझ्या गप्प बसण्यात घालवले.

मोरीपाशी ते बोलणं ऐकलं त्याच दुपारी मी भंगारच्या दुकानात गेले. हिंगोलीच्या रस्त्याला पत्र्याचं कुंपण घातलेली जागा आहे. तिथल्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मी जे दोन वाक्यांत सांगितलं ते. मग म्हणाला, "ताई, लोखंडाची गाडी तर मागच्या हप्त्यातच गेली. आता तुमचा खल कुणाच्या बिल्डिंगच्या सळईत असंल." तो चांगल्या मनानं बोलला. मला हसवायलाच बोलला असणार.

तिथून निघाल्यावर सरळ घरी जाऊन सांगायचं होतं. मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी शाळेतून जीपनं इथून जवळच्याच गोरेगावला गेले. तिथं भांड्यांच्या दुकानात बिडाचा खलबत्ता मिळाला, जवळपास त्याच मापाचा. बत्ता शाळेच्या कपाटात लपवला. खलाला राख चोळली, ओल्या मातीत लोळवला, पुन्हा पुसला. तो बराच जुना दिसायला लागला तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला, हेही लिहायला हवं. मग मम्मी काकूंकडं गेलेली असताना मी तो मागच्या अंगणात पत्र्याच्या आड, कुंडीमागं ठेवला. तिचा तिलाच सापडू दे. म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. पप्पा पुढं दाढी करत होते.

"सापडला! सापडला गं! आवं, इकडं या!"

दोन वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. ती खल डाव्या हातानं छातीशी धरून मागच्या दारातून आत आली. चेहरा लाल झालेला. "कुंडीच्या मागं व्हता. म्हणलं नव्हतं का, घासायला मागं नेला म्हणून? बराबर आठवत व्हतं मला. बराबर!"

पप्पा एका गालाला साबण लावलेले तसेच आले. "मी म्हणतच होतो. तुझ्या डोक्याला काय धाड भरली?"

"द्या माझी किल्ली."

पप्पांनी खिशातून किल्ली काढून ओट्यावर ठेवली. तिनं खल परातीजवळ टेकवला. फडकं अंथरलं, परात भिंतीला लावली आणि खल रेटण्यासाठी अंगठा काठावर नेला.

अंगठा काठावरून फिरला. सगळा काठ गुळगुळीत. तिनं खल थोडा वळवला, पुन्हा अंगठा फिरवला. मग पूर्ण वळवून बघितला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. गोरेगावच्या दुकानात मी माप बघितलं, वजन बघितलं, रंग बघितला होता. काठ बघितला नव्हता.

"इथं टवका व्हता," ती म्हणाली. "अंगठा बसायचा त्यात." तिनं पप्पांकडं बघितलं. "व्हता ना?"

"टवका?" पप्पा खलाकडं वाकले. "मला नाही बा आठवत. असा होता तसाच आहे की."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी खलाकडं कधी बघितलंच नव्हतं.

मम्मी पुन्हा काठ चाचपत राहिली, अगदी हळू. चेहऱ्यावरची लाली उतरत गेली ती मला दिसत होती. मग तिनं खल सोडला आणि त्याच हातानं ओट्यावरची किल्ली पप्पांच्या बाजूला सरकवली. कडप्प्यावरून सरकताना तिचा बारीक आवाज झाला.

"न्हवता का मग?" तिनं मला विचारलं. "तू तरी सांग गं. मला तर पक्का टवका व्हता असं वाटून राहिलं. न्हवता का?"

'नव्हता' म्हटलं असतं तर तिनं मान्य केलं असतं. खल सापडलेला होता, पप्पा म्हणत होते की हाच आहे. 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं, ती परातीकडं वळली असती. ती माझ्याकडं बघत होती आणि माझ्याच उत्तरावर तिचं काय ते ठरणार होतं. पप्पांच्या गालावरचा साबण वाळायला लागला होता.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण तो निघाला.

"होता मम्मी, टवका होता. तू काहीच विसरली नाहीस. हा खल आपला नाही, मी गोरेगावहून आणलाय. आपला खल मी भंगारवाल्याला दिला, ओट्यावर जागा करायला."